पोडावरची लाईन

गाडीतली वस्तू दुरुस्त करणं अवघड आणि बदलणं सोपं, असं बहुतेक गिऱ्हाइकांना वाटतं. यवतमाळात आर्णी रोडवरच्या माझ्या दुकानात हे रोज ऐकायला मिळतं : "कायले खोलून बसता भाऊ, नवीनच टाकून द्या ना." इतकी वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम केल्यावर माझं मत याच्या नेमकं उलट झालं आहे. दुरुस्त केलेली वस्तू आपल्या जुन्या जागी, जुन्या तारांवर परत बसते. नवी बसवायची तर तिला वीज कुठून येते, कशी येते, तारा किती जाड आहेत, उष्णता कुठून बाहेर पडते, गाडी वर्षभर कुठे कुठे उभी राहते, हे सगळं नव्याने विचारावं लागतं. न विचारता बसवलेली नवी वस्तू जुनीपेक्षा लवकर जाते, आणि कधी कधी माणसाच्या जिवावर बेतते. ही गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली ती एका फिरत्या दवाखान्याच्या चार्जरमुळे.

गाडी एका सेवाभावी संस्थेची. जुन्या बसच्या चेसिसवर बांधलेली. आत तपासणीचं टेबल, औषधांची कपाटं, छोटा फ्रिज, पाण्याची टाकी आणि पंप, मागे झोपायला दोन बर्थ. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या भागातल्या कोलाम पोडांवर शिबिर असलं की डॉक्टर मॅडम आणि सिस्टर रात्री गाडीतच राहत, आणि ड्रायव्हर अंगणवाडीच्या ओसरीवर. परदेशात लोक असल्या गाड्यांमधून सुट्टीला जातात, त्यांना मोटरहोम म्हणतात. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण आमच्या जिल्ह्यात चाकांवरचं घर म्हणून माझ्या दुकानात जी काही गाडी आली, ती ही दवाखान्याचीच.

कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. कोलामांची वस्ती म्हणजे पोड. मुख्य गावापासून लांब, बरेचदा डोंगराच्या कडेला, वीसपंचवीस-चाळीस घरांची. त्यांची कोलामी बोली द्रविड कुळातली, आणि तेलंगणाच्या सीमेकडच्या पोडांवर तेलुगूही कानावर पडते. आदिवासी भागात नवसंजीवन योजनेतून १९९५ पासून सरकारी भरारी पथकं फिरतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानातही अशा जमातींसाठी फिरत्या वैद्यकीय पथकांची तरतूद आहे. म्हणजे ही गाडी काही एकटी नव्हे. या मुलखात दवाखाना माणसाकडे जातो, कारण माणूस दवाखान्यापर्यंत पोचेस्तोवर उशीर झालेला असतो.

ही गाडी वापरणाऱ्यांना विजेची गरज किती, हे मला डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं. लस आणि इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात राहिलं पाहिजे. जास्त वेळ त्याच्या वर राहिलं तर वाया, गोठलं तरी बहुतेक वाया. फवारणीच्या दिवसांत सक्शन मशीन केव्हाही लागेल अशा तयारीत ठेवावं लागतं. २०१७ च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तेव्हा वॉर्ड भरून गेले होते. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या औषधाची बाधा झाली की तोंडात, श्वासनलिकेत स्राव भरत जातो, आणि तो ओढून काढला नाही तर माणूस वाटेतच गुदमरतो. मॅडम हे सगळं अगदी शांतपणे सांगत होत्या. माझ्या हातातला मल्टीमीटर त्या दिवशी मला वेगळा वाटला.

गाडीत तक्रार काय होती, ती ड्रायव्हरभाऊंनी त्यांच्या भाषेत सांगितली : "इंजिन चालू असलं का लाईट चांगले लागते. लाईनवर लावली का फडफड करते. पंखा घुमते नुसता. अन् फ्रिज तर घडीघडी बंद पडून राह्यला." इतकं नीट वर्णन मिळालं तर अर्धं काम तिथेच होतं. इंजिन चालू असताना अल्टरनेटरकडून येणारी वीज चांगली, बाहेरच्या लाईनवरून येणारी खराब. म्हणजे दोष बॅटरीच्या आणि बाहेरच्या प्लगच्या मधे कुठेतरी, आणि त्या मधल्या जागेत चार्जर होता.

हा चार्जर दोन कामं करायचा. बाहेरून आलेली २३० व्होल्टची एसी वीज १२ व्होल्टच्या आसपासची डीसी करायची, त्यावर दिवे-पंखे-फ्रिज-पंप चालवायचे आणि त्याच वेळी बर्थखालच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या भरायच्या. अमेरिकेत मोटरहोमवाले याच डब्याला कन्व्हर्टर म्हणतात. आमच्याकडे तो सरळ चार्जर. आतली रचना जुन्या काळची : मोठा तांब्याचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, दोन जाड कपॅसिटर. संपलं. उचलायला दोन माणसं लागावीत असं वजन.

मीटर एसीवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर लावला. तिथे एसी जवळपास शून्य दिसायला हवी. बॅटरी स्वतःच लाटा गिळून टाकते. इथे मात्र व्होल्टच्या वर दिसत होती. ट्रान्सफॉर्मर नेहमीपेक्षा मोठ्याने गुणगुणत होता आणि हात ठेववत नव्हता. ब्रिजमधला एक डायोड उघडा पडला की वीज अर्ध्याच लाटेची मिळते, एका बाजूनेच ओढली जाते, त्याने ट्रान्सफॉर्मरचं लोखंड भरून जातं, आणि मग तो असाच ओरडतो, असाच तापतो. खोलल्यावर तसंच निघालं. एक डायोड गेलेला, दोन्ही कपॅसिटर फुगलेले. लाटा गिळायच्या त्या बॅटऱ्याही कोरड्या. झाकणं उघडून बॅटरी टॉर्चने पाहिली तर पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं, वरच्या कडा पांढऱ्या पडलेल्या.

एवढ्यावर चार डायोड, दोन कपॅसिटर आणि डिस्टिल्ड वॉटर टाकून गाडी परत देता आली असती. पण डायोड उगाच जात नाही. ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर काढलेल्या टोकांवर माझी नजर अडकली. असल्या ट्रान्सफॉर्मरला आत येणाऱ्या विजेसाठी वेगवेगळे टॅप असतात : १८०, २००, २२०, २४०. जिथे लाईन जशी मिळेल तिथे तशी तार जोडायची. इथे तार १८० वर होती. जोड हाताने पिळून वर टेप गुंडाळलेली, म्हणजे कारखान्यातली नव्हे.

ड्रायव्हरभाऊंना विचारलं. त्यांनी जरा आठवून सांगितलं, की एका पोडावर मुक्काम असताना संध्याकाळी लाईट अगदीच मंद होते, पंखा फिरत नव्हता, बाळंतीण तपासायला आलेली होती. गावातल्या मोटर-पंप दुरुस्त करणाऱ्या पोराने आत पाहून काहीतरी केलं आणि लखलखीत उजेड पडला. त्या पोराने जे केलं ते त्या रात्रीपुरतं अगदी बरोबर होतं. मी तिथे असतो तर मीही तेच केलं असतं. सकाळी ती तार परत जागेवर लावायची, एवढंच राहून गेलं. ती गोष्ट लक्षात ठेवायला त्या गाडीबरोबर विजेचं कळणारं कुणीच नव्हतं.

मग गाडी यवतमाळला परत आली आणि संस्थेच्या आवारात २३५ व्होल्टवर उभी राहिली. १८० च्या टॅपवर २३५ दिले की हिशेबाने चौदा-साडेचौदाच्या जागी पावणेएकोणीस व्होल्ट बाहेर पडतात. बॅटरी जोडलेली असताना प्रत्यक्षात आकडा तेवढा चढत नाही, बॅटरी तो दाबून धरते. पण दाबून धरण्याची किंमत ती पाणी उकळून देते. शिबिरांच्या मधले सगळे दिवस गाडी प्लगला लावलेलीच असायची, फ्रिज चालू राहावा म्हणून. वर आमचा मे महिना, सावलीत ४५ अंश. लेड-ॲसिड बॅटरीला उष्णता वाढेल तसं चार्जिंगचं व्होल्टेज कमी लागतं : दर अंशाला दर सेलमागे साधारण ३ मिलिव्होल्ट. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल. २५ अंशांवर जिला साडेतेरा व्होल्टवर आरामात ठेवता येतं, तिला ४५ वर सव्वातेराच्याही खाली ठेवावं लागतं. आणि इथे ती बिचारी त्याच्या कितीतरी वर तापत पडली होती.

नवा टाकायचा की जुना दुरुस्त करायचा यावर दुकानात वाद झाला. माझ्याकडे काम शिकणारा पोरगा आयटीआय करून आलेला, हुशार. तो म्हणाला, "काका, आता असे चार्जर कोणी बनवत तरी काय? एसएमपीएस टाका. एका हातात उचलता येते." माझा ओढा जुन्याकडे होता. तांब्याचा ट्रान्सफॉर्मर जळला तरी वायंडिंग करून परत उभा राहतो, डायोड यवतमाळच्या कुठल्याही दुकानात मिळतो, आणि त्याच्या आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं. एसएमपीएस म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारा हलका चार्जर, आणि त्याचं बोर्ड गेलं की बहुतेक वेळा फेकायचंच. पण या गाडीसाठी त्याचंच बरोबर होतं, आणि मी ते मान्य केलं. जुन्या चार्जरला व्होल्टेजची समज नाही. लाईन पडली की तो पडतो, चढली की चढतो. पोडावर १६०, यवतमाळात २३५, आणि दोन्ही ठिकाणी कुणीतरी उठून टॅप बदलेल, ही अपेक्षा दवाखाना चालवणाऱ्या माणसांकडून करणं अन्यायाचं आहे.

नवा चार्जर निवडताना मी दुकानदाराला किमतीआधी तीन गोष्टी विचारल्या. आत किती कमी व्होल्टपर्यंत चालतो? उष्णता मोजून चार्जिंग कमी करायला बॅटरीवर लावायचा सेन्सर मिळतो का? आणि करंट अर्ध्यावर आणायची सोय आहे का? तिसऱ्या प्रश्नाने तो जरा गोंधळला. कारण असं आहे, की जुना ट्रान्सफॉर्मर कमी व्होल्टेजला कमीच ओढतो. एसएमपीएसचं तसं नाही. त्याला बाहेर तेवढीच ताकद द्यायची असते, म्हणून व्होल्टेज पडलं की तो करंट जास्त ओढतो. ३० अँपिअरवर बॅटरी भरताना तो २३० व्होल्टवर सव्वादोन अँपिअरच्या आसपास घेत असेल, तर १६० वर तीनच्या वर घेणार. पोडावर हा करंट येतो अंगणवाडीच्या नाहीतर समाजमंदिराच्या एका सॉकेटमधून, लांबलचक बारीक वायरमधून. चार्जर जास्त ओढणार, त्याने व्होल्टेज आणखी पडणार, आणि शेजारच्या चार घरांचे बल्ब मंद होणार. लोकांच्या उपयोगासाठी आलेल्या गाडीने त्यांचाच उजेड खाऊ नये. म्हणून पोडावर अर्धा करंट, यवतमाळात पूर्ण.

परदेशी मोटरहोमची माहितीपत्रकं वाचली तर हे प्रश्न त्यात सापडत नाहीत. तिथे गाडी थांबते त्या मैदानात प्रत्येक जागेजवळ पक्का खांब असतो, त्यावर ठरलेल्या अँपिअरचा सॉकेट, ठरलेलं व्होल्टेज, पक्कं अर्थिंग. डबा बनवणाऱ्याने तो खांब गृहीत धरलेला असतो. आमच्याकडे गृहीत धरावं असं एवढंच, की संध्याकाळी सहानंतर लाईन बसणार. गावठाणाची आणि शेतीपंपांची लाईन बऱ्याच गावांत वेगळी झाली आहे आणि तिथे फरक दिसतो. पण पोडं लाईनीच्या अगदी शेवटच्या टोकाला असतात. डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, तिथवर येईतो तारेतच बरंच व्होल्टेज संपलेलं असतं. उलटही होतं. वादळात न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात ३०० च्या वर जाऊन टीव्ही-चार्जर एकदम जळतात. म्हणून नव्या चार्जरच्या आधी व्होल्टेज फार वर किंवा फार खाली गेलं की लाईन तोडणारा कट-ऑफ बसवला.

यानंतर तारा. जुन्या चार्जरपासून बॅटरीपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची तार होती, जाऊन-येऊन १० मीटर. ३० अँपिअर वाहिले की त्या तारेतच जवळजवळ ०.९ व्होल्ट उडतात. जुना चार्जर मुळातच जास्त व्होल्टेज फेकत होता, त्यामुळे ही गळती कधी कुणाच्या लक्षात आली नाही. नवा चार्जर आपल्या टोकावर १४.४ मोजून समाधान मानणार आणि बॅटरीला मिळणार साडेतेरा. तो म्हणणार भरली, बॅटरी उपाशी. असं झालेल्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात. नवा महागडा चार्जर, नव्या बॅटऱ्या आणि वर्षभरात सल्फेशन होऊन सगळं खलास. मालक बॅटरीवाल्याशी भांडतो, दोष तारेचा असतो. २५ चौरस मिलिमीटरची तार टाकली, ती वळणाच्या जागी रबरी नळीतून घेतली, लग दाबून बसवले, आणि बॅटरीच्या टोकाजवळच फ्यूज लावला. फ्यूज बॅटरीजवळच हवा, कारण तार घासून शॉर्ट झाली तर आग लावणारी ताकद बॅटरीत असते, चार्जरमध्ये नव्हे. चार्जर बॅटरीच्या जवळ आणला, पण बॅटरीच्या पेटीत ठेवला नाही. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि चार्जरमध्ये ठिणगी पडू शकते.

उष्णतेचंही पाहावं लागलं. जुना डबा बर्थखाली बंद जागेत होता. तो वर्षानुवर्षं तापत राहिला आणि चालत राहिला. नव्यात पंखा, आणि पंख्याला हवा हवी. पण आमच्या हवेत हिवाळ्यात कापसाचे तंतू असतात, उन्हाळ्यात रस्त्याची धूळ. पांढरकवडा-झरीच्या रस्त्याने कापूस भरलेल्या गाडीमागे कुणी गेलं असेल तर त्याला मी काय म्हणतो ते कळेल. बर्थच्या फळीला खाली एक आणि वर एक अशा जाळ्या बसवल्या. खालच्या जाळीला धुता येईल असा फोम लावला, आणि तो काढायला स्क्रू-ड्रायव्हर लागणार नाही असं पाहिलं. ज्या वस्तूला हत्यार लागतं ती साफ होत नाही.

गाडी तयार झाली, आवारात रात्रभर लावून पाहिली, आकडे हवे तसे आले. पहिल्या मुक्कामाला मी सोबत गेलो. नवी वस्तू बसवली की पहिल्यांदा ती जिथे वापरायची तिथे स्वतः जायचं, हा माझा रिवाज आहे. आणि तिथे, झरीकडच्या एका पोडावर, गाडी अंगणवाडीच्या सॉकेटला लावल्यावर थोड्याच वेळात सिस्टर म्हणाल्या, "दादा, पायरीले हात लावला का मुंग्या येऊन राहिल्या जी."

मी मीटर लावला. गाडीच्या पत्र्यापासून जमिनीपर्यंत शंभराच्या वर व्होल्ट.

ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण नवे चार्जर, नवे इन्व्हर्टर, लॅपटॉप, वॉशिंग मशीन, सगळीकडे ती लागू आहे आणि आपल्या गावांत फारसं कुणी सांगत नाही. एसएमपीएसच्या आत लाईनीची खरखर दाबायला फेजपासून डब्याच्या पत्र्याला आणि न्यूट्रलपासून पत्र्याला असे दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर डब्याचा पत्रा दोघांच्या मधोमध, म्हणजे निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. यवतमाळच्या आवारात अर्थिंग पक्कं, म्हणून तिथे काही जाणवलं नाही. अंगणवाडीच्या सॉकेटला तिसरं भोक होतं, पण त्यामागे तार नव्हती. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरमध्ये हे कपॅसिटरच नव्हते. त्यामुळे अर्थिंग नसल्याचं आजवर कुणाला कळलंच नव्हतं.

झिरपणारा करंट स्वतः फार थोडा, मुंग्या येण्यापुरता. त्याने जीव जात नाही. पण तो एक गोष्ट ओरडून सांगत होता : या गाडीच्या आत उद्या एखादी फेजची तार घासून पत्र्याला लागली, तर सगळी गाडी जिवंत होईल आणि कुठलाही फ्यूज उडणार नाही. आणि गाडीला हात लावणारी माणसं कोण? पावसात चिखलातून अनवाणी आलेली, कडेवर लेकरू घेतलेली बाई, जी चढताना दांडी धरते. शहरातल्या बुटातल्या, सुक्या फरशीवरच्या माणसाला जे नुसतं झणझणेल ते तिला सोडणार नाही. प्लग त्याच क्षणी काढला. ती रात्र बॅटरीवर काढली, पंखे बंद ठेवून, फ्रिज तेवढा चालू.

सकाळी ड्रायव्हरभाऊंनी एक उपाय सुचवला : हातपंपाला तार बांधू, त्याचा पाईप खोल पाण्यापर्यंत गेलेला आहे. विजेच्या दृष्टीने तो चांगलाच अर्थ आहे. पण गाडीत दोष झाला तर तो करंट हातपंपाच्या दांड्यात उतरणार, आणि त्या दांड्यावर पहाटेपासून बायकांची रांग. मी त्यांना तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, लगेच तार गुंडाळून ठेवली.

दुकानात येऊन मग सगळं पद्धतशीर केलं. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी रॉड, गाडीबरोबरच नेता येईल असा. तो माणसांच्या येण्याजाण्यापासून बाजूला, शक्यतो ओलीत ठोकायचा, वर बादलीभर पाणी ओतायचं, जाड हिरवी तार गाडीच्या पत्र्याला पक्की जोडायची. काळ्या मातीत पावसाळ्यात हे छान जमतं. डोंगराकडच्या मुरमात आणि भेगाळलेल्या मे महिन्यात रॉड हवा तसा अर्थ देत नाही. ५० ओहम धरा. २३० व्होल्टला त्यातून साडेचार अँपिअर जाणार, आणि १६ अँपिअरचा एमसीबी तेवढ्याने हलतही नाही. म्हणून रॉडच्या जोडीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. ती गेलेला आणि परत आलेला करंट सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडते. दोन्ही हवेत. एकाच्या भरवशावर राहायचं नाही. आणि क्रम ठरवून दिला : आधी रॉड, मग प्लग, मग आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून ती पडते का ते पाहायचं. नाही पडली तर लाईन घ्यायचीच नाही. तारेवर आकडा टाकून लाईन घ्यायची नाही, हे मी न सांगताही ते पाळत होते. पण एखादा उत्साही माणूस मदत म्हणून टाकून देतो, तेव्हा त्याला नाही म्हणायचं, हे सांगितलं.

गाडीत सोबत एक वही ठेवली. त्यात ड्रायव्हरभाऊंनी चार गोष्टी लिहायच्या : पोडाचं नाव, लाईन लावताना किती व्होल्ट, रात्री आठला किती, बॅटरीचं सकाळचं व्होल्टेज. त्यांना हे काम पोरकट वाटेल अशी मला शंका होती, पण त्यांनी ते मनावर घेतलं. दाराजवळ डिजिटल मीटर बसवून दिला आहे, नुसतं पाहून उतरवायचं. दर महिन्याला ती वही माझ्याकडे येते आणि दुकानातला शिकाऊ पोरगा ती वाचून काय साफ करायचं, कुठला नट आवळायचा ते ठरवतो. आता या गाडीचं काम तोच पाहतो. नवा चार्जर बंद पडेल तेव्हा काय, याचीही तयारी त्यानेच चालवली आहे : जुन्या ट्रान्सफॉर्मरला आधुनिक रेग्युलेटर जोडून, व्होल्टेज बांधलेला एक जादाचा चार्जर उभा करतो आहे, म्हणजे बोर्ड गेलं तर गाडी अडणार नाही. त्याच्या वायंडिंगचं काम मी केलं, सर्किट त्याचं.

वहीचा एक उपयोग मात्र माझ्या डोक्यात नव्हता. पावसाळ्याआधी डॉक्टर मॅडम ती पाहत बसल्या आणि म्हणाल्या, एवढी सगळी पोडं रात्री १६५, १७० वर बसतात, हे कुणी कधी लिहून दिलं आहे का? त्यांनी पानांच्या झेरॉक्स काढल्या, ग्रामपंचायतींचे ठराव घेतले आणि वीज उपविभागात अर्ज दिले : पोडाचं नाव, तारीख, वेळ, व्होल्टेज. एका ठिकाणी अभियंता स्वतः संध्याकाळी येऊन मोजून गेला आणि पोडाच्या जवळ नवी डीपी बसली. तिथे वहीत आता रात्री आठला २१८ लिहिलेलं असतं, आणि चार्जर पूर्ण करंटवर ठेवता येतो. दुसऱ्या दोन पोडांची पाहणी झाली आहे. बाकीच्यांचे अर्ज पडून आहेत, त्यांच्यासाठी या हिवाळ्यातले आकडे जोडून मॅडम पुन्हा जाणार आहेत, आणि अंगणवाड्यांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तार ओढायचं काम ग्रामपंचायतीच्या खर्चात धरावं म्हणून माझ्याकडून त्यांनी सामानाची यादी लिहून घेतली आहे.